न्याकायांगेचं गाठोडं

लिलाँग्वेच्या ऑफिसात तिला सगळे मॅडम एस्नार्ट म्हणत. पण सरोवराच्या उत्तर काठाला, जिथली ती होती, तिथे बाईला तिच्या बापाच्या कुळावरून हाक मारतात. लग्न झालं, नवरा गेला, केस पिकले, तरी कूळ सुटत नाही. म्हणून तिकडे ती न्याकायांगे, म्हणजे कायांग्यांची लेक. ही गोष्ट बरीचशी तिकडेच घडली, त्यामुळे तेच नाव तिला जास्त शोभतं.

वडील कारोंग्याच्या धक्क्यावर बोटीची तिकिटं फाडत. एस्नार्ट गणितात हुशार निघाली, झोम्ब्याला जाऊन शिकली आणि तिने मुलींच्या शाळेत चार वर्षं गणित शिकवलं. नवरा मलेरियाने गेला, तेव्हा ती तिशीला टेकली होती. त्या गावात तिचं मन रमेना. ती लिलाँग्वेला आली, कॉम्प्युटरच्या वर्गात तिच्याहून दहा वर्षांनी लहान पोरांच्या शेजारी बसून प्रोग्रॅम लिहायला शिकली, आणि मिशनच्या अकरा दवाखान्यांचा जो संघ होता, त्याच्या कचेरीत नोकरीला लागली. बोलायची कमी. मान खाली घालून काम करणारी. तिचं काम कधी परत आलं नाही, म्हणून तिच्याकडे कोणाचं फारसं लक्षही गेलं नाही.

संघाने रुग्णांच्या नोंदींसाठी बाहेरदेशच्या एका कंपनीकडून प्रोग्रॅम करून घेतला होता. कंपनीची माणसं जाताना एक जाडजूड फाइल आणि चार दिवसांचं प्रशिक्षण मागे ठेवून गेली. त्यांनी रुग्णाचे अगदी बारीक तुकडे पाडले होते. नाव ही एक वस्तू, गाव दुसरी, वजन तिसरी, मागच्या वेळचं वजन चौथी. प्रत्येक वस्तूला वेगळं विचारायचं आणि तिच्याकडून वेगळं उत्तर घ्यायचं. कागदावर ते फार देखणं दिसे. एस्नार्टलाही ते आवडलं होतं. गणिताच्या बाईला नीटनेटकं काहीही आवडतं.

लिलाँग्वेत मुख्य मशीन शेजारच्याच खोलीत होतं. तिथे शंभर प्रश्न विचारले तरी पापणी लवायच्या आत उत्तरं येत. पण सरोवरकाठच्या चिसोम्बेच्या दवाखान्यातून पत्रांवर पत्रं येऊ लागली, की मशीन झोपतं. कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख छावुलासाहेब ती पत्रं वाचून बाजूला ठेवत. "खेड्यातली माणसं," ते म्हणत, "कळ दाबतात आणि चहाला जातात. मग म्हणतात मशीन झोपलं."

तिसऱ्या पत्रानंतर एस्नार्ट म्हणाली, "साहेब, मी जाऊन बघून येऊ?"

"बसचा प्रवास दोन दिवसांचा आहे."

"माहेरच्याच वाटेवर आहे," ती म्हणाली.

चिसोम्बेच्या बाह्यरुग्ण खोलीत सिस्टर त्रिफोनिया चिर्वा बसायची. धिप्पाड बाई, आवाज मोठा, हात मात्र अलवार. दारापासून आंब्याच्या झाडापर्यंत आया पोरं पाठीला बांधून रांगेत बसलेल्या. सिस्टरने एस्नार्टला स्टूल दिलं.

"बसा, न्याकायांगे. आता बघा. हे टाकलं एक नाव." तिने कळ दाबली. मग उठली, समोरच्या बाळाला काट्यावर ठेवून वजन घेतलं, हात धुतले, रांगेत घुसणाऱ्या एकाला दटावलं आणि परत येऊन बसली. "नाव आलं. गाव आलं. आता वय येईल. वयाला जरा वेळ लागतो, बाळ अजून वाढतंय ना."

रांगेतल्या बाया हसल्या. एस्नार्ट घड्याळाकडे बघत होती. पान पूर्ण भरायला दोन मिनिटं दहा सेकंद लागली. तिने सोबत आणलेल्या लॅपटॉपवर मोजलं. एक पान उघडताना इथलं मशीन लिलाँग्वेच्या मशीनला दोनशे चौदा प्रश्न विचारत होतं, एकामागून एक. चिसोम्बेला तार नव्हती. प्रत्येक प्रश्न छपरावरच्या तबकडीतून आकाशातल्या उपग्रहाकडे जायचा, तिथून खाली लिलाँग्वेला, आणि उत्तर त्याच वाटेने परत. एका खेपेला अर्ध्या सेकंदाहून थोडं जास्त. एवढासा वेळ. पण दोनशे चौदा वेळा.

"मग तुम्ही काम कसं करता?" तिने विचारलं.

सिस्टरने खणातून निळी वही काढली. आणि भिंतीकडे बोट केलं. तिथे एका पुठ्ठ्यावर लाल पेन्सिलीने लिहिलेलं होतं: यांना पेनिसिलिन देऊ नये. खाली सतरा नावं. "मशीन राजधानीसाठी," ती म्हणाली, "वही माझ्यासाठी. आणि हा पुठ्ठा, मी नसताना जो कोणी इथे बसेल त्याच्यासाठी."

परत आल्यावर एस्नार्टने छावुलासाहेबांना आकडे दाखवले. ते म्हणाले, "मग उपग्रहाची मोठी जोडणी मागू."

"मोठी घेऊन उपयोग नाही, साहेब. रस्ता रुंद होईल, लांबी तेवढीच राहील. खेपाच कमी करायला हव्यात. साखरेसाठी एकदा, मिठासाठी एकदा, तेलासाठी एकदा बाजारात जाणारी सून कोणी घरात ठेवून घेईल का?"

साहेबांना हसू आलं. "पण कंपनीची रचना मोडेल."

"मोडणार नाही. वस्तू आहेत तशाच राहतील. फक्त दारावर एक बाई उभी करायची. चिसोम्बेने तिच्याकडे एकदाच मागायचं, तिने आत फिरून सगळं गोळा करायचं आणि एका गाठोड्यात बांधून द्यायचं."

सहा आठवडे तिने काम केलं. प्रोग्रॅममध्ये गाठोड्याला तिने 'म्तोलो' असं नाव दिलं, बाया डोक्यावरून वाहतात ती मोळी. रुग्ण उघडला की एक म्तोलो यायचा, काम झालं की तोच म्तोलो, बदललेल्या गोष्टींसकट, तसाच्या तसा परत जायचा. जायला एक खेप, यायला एक खेप.

शेवटच्या आठवड्यात तिच्या मनात एक शंका आली. तिने ती वहीत लिहिलीही: दोघांनी एकाच रुग्णाचं गाठोडं एकदम उघडलं तर? ती थोडा वेळ विचार करत बसली. छोटे दवाखाने. रुग्ण एका वेळी एकाच टेबलासमोर असतो. असं कितीदा होणार? सोमवारी साहेबांसमोर आणि संघाच्या मंडळींसमोर प्रात्यक्षिक होतं. तिने वहीचं पान उलटलं.

चिसोम्बेचं पान चार सेकंदांत उघडू लागलं.

सिस्टर त्रिफोनियाने फोन केला. "न्याकायांगे, काय करून ठेवलंत हे? इतकं लवकर येतं की मला आता बायांना रागवायलाही वेळ मिळत नाही."

एस्नार्ट फोनवर हसली. ऑफिसात कोणी तिला असं हसताना पूर्वी पाहिलं नव्हतं. संघाच्या वार्षिक सभेत तिचं नाव घेतलं गेलं. पुढच्या वर्षी उपप्रमुखाची जागा निघणार होती, ती तिलाच मिळणार असं सगळे धरून चालले. नाताळच्या आधी एक परिपत्रक निघालं, की आता नोंदी मशीनवरच ठेवाव्यात, वह्या आणि भिंतीवरच्या याद्या बंद कराव्यात, दोन ठिकाणी नोंदी राहिल्या की गोंधळ होतो. सही छावुलासाहेबांची होती. मसुदा एस्नार्टचा होता. चिसोम्बेला त्याच सुमारास भिंतींना चुना दिला, तेव्हा लाल पेन्सिलीचा पुठ्ठा उतरवला तो परत लागला नाही.

मार्च महिन्यात चिसोम्बेच्या प्राथमिक शाळेचे मास्तर एलिफाझ कोंडोवे घसा धरला म्हणून दवाखान्यात आले. शेचाळीस वर्षांचे, भूगोल शिकवायचे, चर्चमध्ये गाणाऱ्यांच्या मागच्या रांगेतला जाड आवाज त्यांचा. त्यांना पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं, आणि पाच मिनिटांत त्यांचा चेहरा सुजला, श्वास अडकला. सिस्टर त्रिफोनिया तिथेच होती. तिने धावपळ करून त्यांना वाचवलं. बाकावर बसवून पाणी पाजलं, त्यांच्या खिशातल्या आरोग्यपुस्तिकेत लिहिलं, आणि मशीनवरही इशाऱ्याच्या जागी लिहिलं: पेनिसिलिन देऊ नये. मग मास्तरांना दुसऱ्या गोळ्या देऊन घरी पाठवलं.

जूनमध्ये माशाचा काटा तळपायात घुसून मास्तरांचा पाय सडला. मास्तरांची बायको तेव्हा घरी नव्हती, भाऊ वारला म्हणून म्झिम्बाला गेली होती. मास्तरांनी दोन दिवस अंगावर काढलं. तिसऱ्या दिवशी ते शाळेत आले नाहीत. दोघा शिक्षकांनी घरी जाऊन पाहिलं तर अंग तव्यासारखं तापलेलं, तोंडाने मुलांची हजेरी घेत होते. त्यांना सायकलच्या मागे बसवून, दोन बाजूंनी धरून दवाखान्यात आणलं. आरोग्यपुस्तिका घरात पेटीत होती, आणि पेटीला कुलूप. त्या दिवशी सिस्टरची सुट्टी होती. तीन आठवड्यांपूर्वी रुजू झालेला एक तरुण डॉक्टर ड्युटीवर होता. त्याने मशीनवर नाव टाकलं. चार सेकंदांत पान उघडलं. इशाऱ्याची जागा कोरी होती. त्याने पद्धतीप्रमाणे तिकडे पाहिलं, आणि मग पेनिसिलिन दिलं.

वीस मिनिटांत मास्तर गेले.

चौकशीत सिस्टर म्हणाली, "मी लिहिलं होतं."

पंचांपैकी एकाने मशीनचं पान दाखवलं. "मग कुठे गेलं? मशीनने खाल्लं?"

"मी लिहिलं होतं," ती पुन्हा म्हणाली. तेवढंच म्हणत राहिली. पुस्तिकेत तिने लिहिलेलं होतं, त्यावर पंच म्हणाले, पुस्तिकेत लिहिलं आणि मशीनवर विसरलात, माणूस आहे, विसरतं. तिला घरी बसवलं.

लिलाँग्वेला हे सगळं एका कागदाच्या रूपाने आलं. एस्नार्टच्या टेबलावर तो आला, कारण खाली तिची सही हवी होती: त्या मार्चच्या दिवशी चिसोम्बेचं मशीन व्यवस्थित चालू होतं. छावुलासाहेब दारातून म्हणाले, "एक सहीच आहे. दुपारच्या टपालाने जाऊ दे."

मशीन चालू होतंच. त्या दिवशी कुठलाही बिघाड नव्हता. तिने पेन उचललं आणि परत ठेवलं. जी बाई भिंतीवर लाल पेन्सिलीने सतरा नावं लिहून ठेवते, ती अठरावं विसरेल, हे तिच्या मनाला पटेना.

मुख्य मशीन प्रत्येक खेपेची नोंद ठेवायचं. ती उलगडून बघायला एस्नार्टला दीड दिवस लागला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती त्या ओळींपाशी पोचली. बारा मार्च. नऊ एक्केचाळीसला औषधाच्या खिडकीवरच्या कारकुनाने मास्तरांचं गाठोडं उघडलं, गोळ्या लिहायच्या म्हणून. मग तो कशाला तरी उठून गेला असावा. नऊ बावन्नला सिस्टर त्रिफोनियाने इशारा लिहिला आणि गाठोडं परत पाठवलं. मशीनने ते ठेवून घेतलं. दहा वाजून सहा मिनिटांनी कारकून परत आला, त्याने बारा गोळ्या लिहिल्या आणि त्याच्याकडचं गाठोडं परत पाठवलं. ते नऊ एक्केचाळीसचं गाठोडं होतं. त्यात इशाऱ्याची जागा कोरी होती. मशीनने सगळं गाठोडं जसंच्या तसं ठेवून घेतलं, कोऱ्या जागेसकट. चौदा मिनिटं तो इशारा मशीनमध्ये होता.

कंपनीची जुनी रचना असती तर हे झालं नसतं. ती संथ होती, पण तिथे प्रत्येक गोष्ट वेगळी लिहिली जायची. गोळ्या लिहिणाऱ्याचा हात इशाऱ्याला लागलाच नसता.

एस्नार्ट खुर्चीत बसून राहिली. मग बाहेर गेली. फाटकाशी मंदासी, पिठाचे गोडसर वडे, तळणाऱ्या बाईने नेहमीप्रमाणे कागदात एक बांधून दिला. तो गरम कागद हातात धरून ती भिंतीच्या सावलीत उभी राहिली, थंड होईपर्यंत. खाल्ला नाही. परत आत येऊन तिने पहिली गोष्ट केली ती ही, की असं अजून किती जणांचं पुसलं गेलंय ते शोधायला घेतलं. संध्याकाळपर्यंत नऊ नावं निघाली, पाच दवाखान्यांतली. नऊही जिवंत होते. तिने ते इशारे जागच्या जागी परत लिहिले, आणि कोणाला न विचारता अकराही दवाखान्यांना स्वतः फोन केले. "भिंतीवर यादी लावा," ती सांगत होती. "आजच. मी सांगेपर्यंत काढू नका. आणि मशीनवर इशारा दिसला नाही, तर तो नाहीच असं धरू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कागद घेऊन छावुलासाहेबांकडे गेली. त्यांनी तिन्ही ओळी वाचल्या. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे कोणाला सांगितलंस?"

"याद्या लावा म्हणून सांगितलंय. कारण सांगितलं नाही."

"बरं केलंस. आता दुरुस्ती कर, सगळीकडे टाक. सही करू नकोस. कागद मी दाबून ठेवतो. दोन-तीन महिन्यांनी ती सिस्टर आपोआप कामावर येईल. असल्या चौकशा थंड होतात."

"आणि लोक म्हणत राहतील की तिने मास्तरांना मारलं."

"लोक विसरतात."

"ती विसरेल?"

छावुलासाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनीच तिला नोकरी दिली होती, नवरा नसलेल्या बाईला कोणी दारात उभं करत नव्हतं तेव्हा. ते हळू आवाजात म्हणाले, "एस्नार्ट, तू सांगितलंस म्हणून मास्तर उठून बसणार आहेत का? जाईल ती तुझी जागा जाईल. आणि लोकांचा मशीनवरचा विश्वास जाईल. जे वाचतायत, तेही मग वाचणार नाहीत."

या शेवटच्या बोलण्यावर तिने खरोखर विचार केला. ते अगदीच खोटं नव्हतं. मग ती म्हणाली, "साहेब, त्या डॉक्टरने मशीनवर विश्वास ठेवला होता."

तिने कागदाच्या खाली, सहीच्या जागी, काय झालं ते दहा ओळींत लिहिलं आणि त्याखाली पूर्ण नाव लिहून सही केली. सोमवारच्या बसने ती निघाली.

पंच दवाखान्याच्या प्रार्थनाघरात बसले होते. सिस्टर त्रिफोनिया एका बाजूला, गणवेश नाही, साधं चितेन्जेचं कापड गुंडाळलेलं. एस्नार्टने उभं राहून सांगितलं. गाठोडं काय, ते का केलं, कसं पुसलं गेलं. पंचांना समजावं म्हणून तिने दोन कागद घेतले, दोन्हींवर तेच लिहिलं, एकावर सिस्टरची ओळ वाढवली, दुसऱ्यावर कारकुनाची, आणि दुसरा कागद पहिल्यावर ठेवून पहिला झाकून टाकला. "असं," ती म्हणाली. "सिस्टरने लिहिलं होतं. कारकुनाचीही चूक नाही. हे मी केलेलं आहे."

ज्याने मशीनने खाल्लं का असं विचारलं होतं, तो पंच खाली बघत होता.

मग सिस्टर म्हणाली, "पाच आठवडे मी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसते आहे, न्याकायांगे. माझ्या शेजारी कोणी बसत नाही."

"हो," एस्नार्ट म्हणाली.

बाहेर पडल्यावर तिने मास्तरांच्या घराची वाट विचारली. सिस्टरने तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात माया नव्हती. "एकट्या जाऊ नका," ती म्हणाली. "आपल्यात शोकाच्या घरी एकटं जात नाहीत." आणि ती पुढे चालू लागली.

दाराशी सिस्टरने "ओदी" म्हणून हाक दिली. आतून उत्तर आलं. चपला बाहेर काढून दोघी आत गेल्या. मास्तरांची बायको न्याम्हांगो चटईवर बसली होती, डोक्याला काळं फडकं. शेजारी तिची एक जाऊ. एस्नार्ट गुडघे टेकून जमिनीवर बसली, चटईच्या बाहेर.

"मास्तरांना काय चालत नाही ते सिस्टरने लिहून ठेवलं होतं," ती म्हणाली. "माझ्या कामामुळे ते पुसलं गेलं. सिस्टरचा दोष नाही, हे सांगायला मी आले."

न्याम्हांगोने सिस्टरकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "पुसलं कोणी?"

"कोणी मुद्दाम नाही. मी जी रीत बसवली, तिने पुसलं."

"असं होईल हे तुम्हाला ठाऊक होतं?"

लिलाँग्वेपासून इथपर्यंत दोन दिवस एस्नार्टला याच प्रश्नाची भीती होती. "होईल असं ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. "होऊ शकतं का, असं एकदा मनात आलं होतं. वहीत लिहिलंही होतं. मग घाई होती, मी पान उलटलं."

जाऊ काहीतरी पुटपुटली. न्याम्हांगोने हाताने तिला थांबवलं. तिने चितेन्ज्याच्या टोकाची गाठ चाचपली, सोडली, आणि तळहातावर एक लहानशी किल्ली ठेवली.

"पेटीची," ती म्हणाली. "पुस्तिका पेटीत होती. मी कुलूप लावून किल्ली बांधून म्झिम्बाला गेले. घरात चोरण्यासारखं आहे काय? पण लावलं कुलूप. सहा आठवडे झाले, मी सिस्टरला शिव्या देते आणि मनात ही किल्ली असते."

सिस्टर त्रिफोनिया तोंडावर हात धरून बसली होती.

किल्ली परत गाठीत बांधून न्याम्हांगो म्हणाली, "तुम्ही आलात ते ऐकलं मी. आता जा. मला तुमचा राग येईल की नाही, ते मला अजून कळत नाही. इथे बसून वाट बघू नका. जा."

एस्नार्ट उठली. बाहेर आल्यावर सिस्टर तिच्याशी बोलली नाही, पण बसथांब्यापर्यंत चालत आली.

त्यानंतर एस्नार्टने जे केलं, त्याबद्दल कोणी सभेत तिचं नाव घेतलं नाही. गाठोडं ठेवलं तर पुसण्याची भीती, मोडलं तर परत ते दोनशे चौदा प्रश्न. कंपनीच्या फाइलमध्ये उत्तर नव्हतं, तिच्याही डोक्यात नव्हतं. म्हणून ऑगस्टमध्ये ती रजा टाकून चिसोम्बेला परत आली आणि तीन आठवडे टेबलाटेबलाशी स्टूल घेऊन बसली. तोवर सिस्टर कामावर परत आली होती. कोणाचा हात कशाला लागतो, ते एस्नार्ट लिहीत राहिली. सिस्टर वजन, वय आणि मागचं वजन एकदम बघते, गावाकडे कधीच बघत नाही. औषधाच्या खिडकीवरचा कारकून बाळंतपणांच्या नोंदी कधी उघडत नाही, तरी त्या दर खेपेला त्याच्याकडे येतात. वाचताना माणसाला पुष्कळ लागतं. लिहिताना तो एखादीच ओळ लिहितो.

पहिले चार दिवस सिस्टर तिच्याशी कामापुरतंच बोलली. पाचव्या दिवशी दुपारी मक्याच्या उकडीसारखी न्सिमा आणि उसिपा मासळीचं ताट तिच्यापुढे ठेवून म्हणाली, "मग काय ठरलं?"

"प्रत्येक टेबलाला वाचायला त्याचं त्याचं गाठोडं. त्याला लागतं तेवढंच, पण एका खेपेत. परत पाठवताना मात्र गाठोडं नाही. जे बदललं तेवढीच ओळ जाणार."

"म्हणजे वाचायला टोपलीभर आणि लिहायला चिमूटभर."

"हो. आणि तुम्ही बघत असताना मध्येच कोणी काही बदललं, तर मशीन लिहून घेणार नाही. म्हणेल, हे पान बदललंय, आधी परत बघा."

"आणि इशारा?"

"तो कुठल्याच गाठोड्यात नाही. प्रत्येक वेळी ताजा विचारायचा. त्याची एक खेप वेगळी पडेल, पण पडू दे."

सिस्टरने जेवणावरच्या माश्या वारल्या. "पुठ्ठा मी काढणार नाही," ती म्हणाली.

"काढू नका," एस्नार्ट म्हणाली. नव्या परिपत्रकात तिने तसं लिहून टाकलं, सगळ्या दवाखान्यांसाठी.

नवी रीत लागू झाली तेव्हा पान उघडायला सहा सेकंद लागत. छावुलासाहेब म्हणाले, "आधी चार होते. मंडळी विचारतील, दोन सेकंद कशाला वाढले."

"विचारू देत, साहेब. मी सांगेन."

मंडळींनी विचारलं, आणि तिने सांगितलं, मास्तरांच्या नावासकट. उपप्रमुखाची जागा दुसऱ्याला मिळाली. संघाने न्याम्हांगोला काय द्यायचं ते चर्चच्या वडीलधाऱ्यांमार्फत ठरवलं, त्यात एस्नार्टचा हात नव्हता. तरुण डॉक्टर नोकरी सोडून दक्षिणेकडे गेला. एस्नार्टने त्याला दोन पत्रं लिहिली. दुसऱ्याचं उत्तर आलं, तीन ओळींचं. ती स्वतः त्याच टेबलावर आणखी नऊ वर्षं राहिली. नवीन कोणी हाताखाली आलं की पहिला आठवडा ती त्याला कॉम्प्युटरला हात लावू देत नसे. कुठल्यातरी दवाखान्यात स्टुलावर बसवून ठेवी. पोरं कुरकुरत. काहींना कारण कळलं, काहींना नाही. तिने ते समजावून सांगण्याचा फारसा खटाटोप केला नाही.

मास्तर गेल्याला वर्ष उलटल्यावर एका सकाळी सिस्टर त्रिफोनियाचा फोन आला. इतक्या महिन्यांत तिने स्वतःहून केलेला पहिलाच. "शनिवारी मास्तरांच्या थडग्यावर दगड बसतोय," ती म्हणाली. "न्याम्हांगो म्हणाली, तिलाही कळवा."

"मी यावं असं म्हणाली?"

"कळवा म्हणाली. यायचं की नाही ते तुम्ही बघा."

एस्नार्ट गेली. माणसं खूप होती, मास्तरांच्या हाताखालून गेलेले कितीतरी. गाणाऱ्यांनी मागच्या रांगेत एक जागा मोकळी ठेवली होती. दगडावरचं कापड काढलं, नाव वाचून दाखवलं, प्रार्थना झाली. एस्नार्ट बायांच्या मागे, कुंपणाशी बसली होती. तिच्याकडे बोट दाखवून कोणी काही म्हणालं नाही, कोणी बोलायलाही आलं नाही.

जेवणं सुरू झाली तेव्हा न्याम्हांगो स्वतः ताटं घेऊन बायांमधून फिरत होती. फिरत फिरत ती कुंपणापर्यंत आली, थांबली. एस्नार्टने उठायला गुडघा टेकला.

"बसा," न्याम्हांगो म्हणाली. "भात संपलाय. कसाव्याच्या पिठाची न्सिमाच उरलीय, आणि मासा. चालेल ना?"

"चालेल," एस्नार्ट म्हणाली, आणि दोन्ही हात पुढे करून ताट घेतलं.